वरवरच्या कामाची कैफियत

मराठी माणूस मेल्यावर चंदन होतो. शोकसभेत तिसरा वक्ता उभा राहिला की कैलासवासी संस्थेसाठी, समाजासाठी आणि कुटुंबासाठी चंदनासारखे झिजले हे वाक्य येणारच. पंचाईत होते ती चौथ्या वक्त्याची, कारण त्यानेही तेच लिहून आणलेले असते. झिजणे हा आपल्याकडे सद्गुण आहे. कचेरीत जोडे झिजवावेत, संसारात हाडे झिजवावीत, चळवळीत देह झिजवावा आणि ज्याचे काहीच झिजलेले दिसत नाही त्याच्याकडे संशयाने पाहावे. याच्या जोडीला आपला आणखी एक लाडका समज आहे : जे वरवरचे ते खोटे. वरवरचे प्रेम, वरवरचा अभ्यास, वरवरची मलमपट्टी. खरे जे काही असेल ते आत, खोल, गाभ्यात. हे दोन्ही समज कुठल्याही तालुक्याच्या गावी, बाजार समितीच्या आसपासच्या वेल्डिंगच्या दुकानासमोर नेऊन उभे केले तर तिथे ते फार वेळ उभे राहणार नाहीत, असे माझे म्हणणे आहे. त्या दुकानासमोर नांगराचे बोथट फाळ, रोटाव्हेटरची पाती, जेसीबीच्या बकेटचे दात असा दंतवैद्याकडे असतो तसा जमाव पडलेला असतो. त्यांच्यावर वेल्डर जो कठीण धातूचा थर चढवतो त्याला हार्डफेसिंग म्हणतात. अवजाराचे अंग साध्या, सोशिक पोलादाचे ठेवायचे आणि जिथे घासते तेवढ्याच जागी, दोन-चार मिलिमीटर जाडीचा, कठीण मिश्रधातू रॉडने वितळवून बसवायचा. काम सर्वस्वी वरवरचे आहे, आणि त्याचे वकीलपत्र घेण्यासाठीच हा प्रपंच.

आधी लोखंड झिजते का ते पाहू. लोखंड कणखर आणि माती मऊ, असे आपण लहानपणापासून धरून चालतो. मऊ लागले की कोपराने खणण्याची म्हण ज्याने काढली त्याने स्वतः फारसे खणलेले नसावे, कारण खणून झाल्यावर कोपराचे काय झाले याबद्दल म्हण गप्प आहे. मातीत वाळूचे कण असतात, वाळूत क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीच्या कुळातले खनिज असते, आणि ते पोलादाला जुमानत नाही. फ्रीडरिश मोहस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली कोण कोणाला ओरखडतो यावरून खनिजांच्या पायऱ्या लावल्या. त्यात क्वार्ट्झ सातव्या पायरीवर बसले आहे आणि घरातल्या सुरीचे पाते साडेपाचाच्या आसपास घुटमळते. कठीणता मोजण्याच्या विकर्सच्या मापाने बोलायचे तर साधे मऊ पोलाद दीडशेच्या घरात, पाणी देऊन कडक केलेले पोलाद सातशे-आठशेच्या घरात, आणि वाळूचा कण हजाराच्या वर. म्हणजे नांगर जमीन फाडतो हे अर्धे सत्य झाले. उरलेल्या अर्ध्यात लाखो बारीक छिन्न्या फाळाला तासत असतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी गेल्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर विकायला काढला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल या धास्तीने शेतकरी तो घेईनात, ही हकिकत आपण अडाणीपणाचा नमुना म्हणून सांगत आलो. विषाचा भाग सोडला तर शेतकऱ्यांचे निरीक्षण चोख होते. लोखंड खरोखरच जमिनीत जाते. फाळाचे जे बोटभर टोक नाहीसे होते ते चोर नेत नाही. मालकाने ते आपल्याच शेतात, सरळ तासांनी, व्यवस्थित पेरलेले असते. उगवत नाही एवढेच.

हार्डफेसिंगच्या नेहमीच्या रॉडमधून जो थर पडतो त्यात तीन ते पाच टक्के कार्बन आणि पंचवीस-तीस टक्के क्रोमियम असते. वितळलेला रस थिजू लागला की त्यातून क्रोमियम कार्बाइडचे टोकदार स्फटिक बाहेर पडतात, आणि त्यांची कठीणता विकर्सच्या मापाने दीड हजाराच्या पुढे जाते. वाळूच्या आयुष्यात पहिल्यांदाच कोणी तरी उलट बोलणारे भेटते. हा किरकोळ विषय नव्हे. १९६६ साली ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीने सरकारला अहवाल दिला, की घर्षण, झीज आणि वंगण यांकडे उद्योगांनी नीट लक्ष दिले तर देशाचे वर्षाला सुमारे ५१.५ कोटी पौंड वाचतील. त्याच अहवालाने या अभ्यासाला ट्रायबॉलॉजी हे नाव रूढ केले. घासणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घेतले आहे. आपल्याकडे अशी समिती नेमली असती तर अहवाल आलाच असता, पण त्याच्या प्रस्तावनेत सदस्य या कामी किती झिजले याचे वर्णन आधी आले असते.

यावर पहिला आक्षेप खोलवाद्यांचा असतो. कठीणच करायचे तर अख्खा फाळ कठीण धातूचा का करू नये? वर एक, आत एक, हा दुटप्पीपणा कशाला? याचे उत्तर स्वयंपाकघरातली चिनी मातीची बशी देते. ती सुरीने सहज ओरखडत नाही, इतकी कठीण असते, आणि ओट्यावरून पडली की तिचे सात तुकडे होतात, इतकीही कठीण असते. पदार्थ जितका कठीण तितका तो ठोकर सोसण्यात कच्चा, हा धातूंच्या जगातला जवळजवळ अटळ सौदा आहे. अख्खा फाळ क्रोमियम कार्बाइडचा केला तर तो वाळूला वर्षानुवर्षे दाद देणार नाही, पण बांधाजवळच्या पहिल्याच धोंड्याला दोन तुकड्यांत दाद देईल. अंग मऊ असते म्हणूनच ते वाकते, दणका पोटात घेते आणि पुढे जाते. गावच्या लोहाराला हे कोणी शिकवावे लागले नाही. तो कुऱ्हाडीचे अंग मऊ लोखंडाचे घडवायचा आणि धारेपुरते पोलाद घालायचा, कारण पोलाद महाग होते आणि अख्खी पोलादी कुऱ्हाड भरवशाचीही नव्हती. आपले जुने जग अशा वरवरच्या कामांनी भरलेले आहे. बैलगाडीचे चाक लाकडाचे, पण जमिनीला टेकते ती लोखंडी धाव. बैल हाडामांसाचा, पण डांबरी सडकेवर चालायचे तर खुरांना पत्र्या ठोकलेल्या. मुसळ लाकडी, टोकाला लोखंडी कडे. पितळेच्या पातेल्यात ताक कळकते म्हणून आत केसाहून पातळ कल्हई, आणि ती करणाऱ्याला कोणी वरवरचा माणूस म्हणून हिणवल्याचे ऐकिवात नाही. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कोकोमो गावी एल्वुड हेन्स नावाचा गृहस्थ घरातल्या सुऱ्या-काट्यांना डाग न पडणारा धातू शोधत होता. १९०७ साली त्याने कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचे पेटंट घेतले आणि ताऱ्यासारखा चमकतो म्हणून त्याला स्टेलाइट नाव दिले. जेवणाच्या टेबलापेक्षा तो धातू पुढे इंजिनांत रमला. व्हॉल्व्ह अख्खा स्टेलाइटचा कोणी करत नाही. जिथे तो बैठकीवर आपटतो त्या कडेवर तेवढी एक चकचकीत रेघ ओढतात.

इथे कोणी तरी फणसाचे उदाहरण देईल, म्हणून आधीच सांगतो : फणस चालणार नाही. वरून काटेरी आणि आतून गोड, हे वर्णन मराठी चित्रपटांतल्या इतक्या बापांना चिकटवले गेले आहे की आता फणसालाच बापासारखा म्हणायची वेळ आली आहे. शिवाय फणस हा हार्डफेसिंगचा अत्यंत उधळा नमुना आहे. त्याला जिथे कोणी घासत नाही तिथेही काटे असतात. देठाशी काटे, बुडाशी काटे, झाडाच्या खोडाला चिकटलेल्या बाजूलाही काटे. अशा अंदाजपत्रकाला कुठलाही स्टोअरकीपर मंजुरी देणार नाही.

खरे उदाहरण उंदराचे. उंदराच्या पुढच्या दातांना कठीण एनॅमल असते ते फक्त पुढच्या बाजूला, आणि त्यात लोखंडाचा अंशही असतो. म्हणूनच ते दात पिवळट-नारिंगी दिसतात. मागची बाजू मऊ डेंटिनची. कुरतडताना मऊ बाजू भराभर झिजते, कठीण बाजू मागे हटत नाही, आणि दोघांच्या फरकातून धार आपोआप निघत राहते. नांगराच्या किंवा कल्टिव्हेटरच्या फाळाला शहाणा वेल्डर नेमके हेच करतो. रॉड एकाच बाजूने ओढतो. दुसऱ्या बाजूचे साधे पोलाद माती खाऊन टाकते आणि कठीण थराची कड पुढे टोकदार राहते. दोन्ही बाजूंनी थर दिला तर गिऱ्हाईक खूश होते, जास्त पैसे मोजते, आणि फाळ टिकतो खरा. पण बोथट होऊन टिकतो, ट्रॅक्टरला कण्हायला लावतो आणि डिझेल पितो. म्हणजे अर्धी झीज इथे मुद्दाम होऊ द्यायची असते. गणपतीने एवढी देखणी जनावरे सोडून हे वाहन का निवडले याची बरीच आध्यात्मिक उत्तरे दिली जातात. विद्येच्या देवाला धातुशास्त्र येत असावे, हे उत्तर मला त्यांतल्या त्यात पटते.

या सगळ्याचा थाट पाहायचा तर साखर कारखान्यात जावे. उसाबरोबर कारखान्यात पाचट येते, वाढे येते, पावसात तोडणी झाली असेल तर शेताचा बराच भाग येतो, कधी एखादा विसरलेला कोयताही येतो. हे काहीच आले नाही तरी ऊस स्वतः गवताच्या जातीचा. गवते जमिनीतून सिलिका शोषून अंगात साठवतात. तेव्हा ज्याला आपण गोडवा म्हणतो तो कारखान्यातल्या सुऱ्यांना आणि श्रेडरच्या हातोड्यांना बारीक काचकागदासारखा लागतो. त्या सुऱ्यांची टोके आणि हातोड्यांची तोंडे हार्डफेसिंगवाचून हंगाम काढत नाहीत. पण मुख्य पात्र म्हणजे मिलचा रोलर. ओतीव लोखंडाचे अंग, आत पोलादी शाफ्ट, अंगावर इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचांचे दात. असे तीन रोलर एकमेकांना भिडवून त्यांच्यामधून ऊस पिळायचा. पावसाळ्यात या रोलरची पूजा होते. हळदकुंकू, नारळ, चेअरमन, व्हाइस चेअरमन, संचालक मंडळ, आणि ज्यांचा रोलरशी संबंध काय ते कळत नाही असे दहा-बारा मान्यवर. पुढे बॉयलरचे अग्निप्रदीपन, मग गव्हाणीत मोळी टाकून गळीत हंगामाचा शुभारंभ. प्रत्येक वेळी तोच फोटो, फक्त फेट्यांचे रंग वेगळे. आणि मग काही दिवसांत दात गुळगुळीत होतात आणि पूजा झालेला रोलर ऊस घ्यायचे बंद करतो. ऊस तोंडाशी येतो, घसरतो, तिथेच तुंबतो. अशा वेळी कोणी नारळ फोडत नाही. वेल्डरला हाक मारतात.

तो काय करतो ते पाहण्यासारखे असते. मिल थांबवली तर मागे उभ्या ट्रकांची आणि बैलगाड्यांची रांग गावात पोहोचेल, म्हणून रोलर मिनिटाला चार-पाच फेऱ्यांच्या आपल्या हत्तीचालीने फिरतच राहतो, वरून रस गळत असतो, बगॅसचा चोथा उडत असतो, आणि त्या फिरत्या, ओल्या, आंबटसर दातांवर वेल्डर रॉडने टप्‌ टप्‌ कठीण धातूचे दाणे बसवत जातो. याला आर्किंग म्हणतात. ओतीव लोखंड हे वेल्डिंगच्या बाबतीत नाठाळ. एरवी त्याला जोड द्यायचा तर आधी तापवा, मग हळूहळू निववा, असे सारे सोपस्कार. इथे सोपस्कार कसले, उभ्या पावसात पत्रावळीवर जेवण वाढावे तसा प्रकार. आणि त्यासाठी खास बनवलेले रॉड हे सहन करतात. त्यातून रोलरच्या दातांना जो खरबरीतपणा येतो तोच उसाला धरून आत ओढतो. इथे हार्डफेसिंग झीज तर अडवतेच, शिवाय पकड देते. गुळगुळीतपणाचा आपल्याला फार सोस. बोलणे गुळगुळीत हवे, निवेदन गुळगुळीत हवे. पण ज्याच्याकडून काम करून घ्यायचे त्याच्या अंगावर थोडे दाणे असावे लागतात, नाही तर सगळे प्रश्न नुसते तोंडाशी येऊन तुंबतात. कारखान्याच्या वार्षिक अहवालात गाळप किती, उतारा किती, एफआरपी किती दिली याचे तक्ते असतात. या दाण्यांचा खर्च स्टोअर्स या एका शब्दात गुडूप होतो. वरवरचे काम आहे ना, खोल तक्त्यात कसे दिसेल?

दुसरा आक्षेप ज्यांनी नवे काम करून घेतले आहे त्यांचा, आणि तो त्राग्याने येतो : थर पडल्यावर तासाभरात त्याला आडव्या भेगा गेल्या! वेल्डर म्हणतो, जायलाच पाहिजेत. गिऱ्हाईकाला वाटते की हा आपल्याला शेंडी लावतोय. पण या वेळी वेल्डर खरे बोलत असतो. वितळलेला कठीण थर थंड होताना आकसतो. खालचे पोलाद त्याला आकसू देत नाही. मऊ धातू असता तर ताणला गेला असता, हा ताणला जाण्याच्या जातीचा नाही, म्हणून थोड्या थोड्या अंतरावर बारीक तडकतो आणि अंगातला ताण मोकळा करतो. भेगा वेल्डच्या रेघेला आडव्या असतील तर थर घट्ट बसलेला राहतो. भेगा रेघेच्या लांबीने, थराखालून पळू लागल्या तर मात्र खपल्या सुटतात आणि मग भांडायला हरकत नाही. क्रोमियम कार्बाइडच्या थराला एकही भेग नसेल तर जाणकार उलट संशय घेतो, की रॉड तोच होता ना? नव्या इमारतीच्या भिंतीवरच्या भेगा दाखवल्या की बिल्डरही हेच सांगतो : साहेब, या नॉर्मल असतात, घर सेटल होतंय. एकाच वाक्यात एकाच्या तोंडी धातुशास्त्र आणि दुसऱ्याच्या तोंडी काय असते, हे ओळखण्यासाठी भेगेची दिशा पाहायला शिकावे लागते.

जास्त म्हणजे चांगले, हा गैरसमज तर मराठी पाहुणचारातूनच आलेला असावा. दोन थर दिले, टिकले. मग पाच द्या. पण या कठीण थराचे दोनतीनच्या वर मजले चढवले की आतला ताण इतका साचतो की सगळी इमारत एकदम खपलीसारखी सुटते. पहिल्या थराचीही एक गंमत असते. रॉडचा धातू पडतो तेव्हा खालचे पोलादही थोडे वितळते आणि त्यात मिसळते, चांगले पाव ते तृतीयांश. त्यामुळे पहिला थर पुरता सासरचाही नसतो आणि पुरता माहेरचाही नसतो. रॉडच्या डब्यावर छापलेली कठीणता त्याला येत नाही. खरा रुबाब दुसऱ्या थराला. दणके खाणाऱ्या भागावर तर शहाणे लोक आधी चिवट स्टेनलेसच्या जातीचा एक मऊ थर देतात आणि त्यावर कठीण थर चढवतात, म्हणजे वरच्या भेगा खाली उतरत नाहीत. वरवरच्या कामाला इतकी पूर्वतयारी लागते. खोलवर जाणाऱ्या माणसांनी भाषणाची एवढी तयारी केली तर शोकसभेत चंदन एकदाच येईल.

वेल्डच्या रेघा कशा मारायच्या यातही डोके आहे. धोंड्यांतून जाणाऱ्या बकेटवर रेघा दगडाच्या वाटेला समांतर मारतात, म्हणजे दगड त्या रुळांवरून घसरत पुढे जातो. वाळूत आणि मातीत काम असेल तर रेघा आडव्या मारतात, मध्ये फटी ठेवतात. फटींत माती घट्ट बसते, आणि मग पुढून येणारी माती पोलादाला न घासता त्या अडकलेल्या मातीलाच घासते. दोन्ही तऱ्हेचे काम असेल तर चौकटी-चौकटींची जाळी. काट्याने काटा काढतात हे ऐकले होते. इथे मातीनेच मातीला अडवलेले असते. ज्या अवजारांची शोरूममधली चकाकी पाहून आपण ती विकत घेतो, त्यांना वाचवणारे चिलखत हे बहुतेक शेतातच फुकट मिळालेले असते. ते धुऊन काढण्याचा उत्साह मात्र दांडगा असतो, विशेषतः दसऱ्याला.

आता एक खरोखरचा तगडा आक्षेप. जुन्या शाळामास्तरांचा पक्ष म्हणेल, की बाहेरून कठीणपणा चिकटवण्यापेक्षा ठोके खाऊन माणूस कणखर होतो ते काय वाईट? दुर्दैवाने या पक्षाच्या बाजूने एक धातू साक्ष द्यायला उभा आहे. रॉबर्ट हॅडफिल्ड या शेफील्डच्या तरुणाने १८८२ साली बारा-तेरा टक्के मँगनीज घातलेले पोलाद बनवले. ते मूळचे मऊसर असते, पण ठोकले की पृष्ठभाग कठीण होतो. जितके ठोकाल तितका जास्त, ब्रिनेलच्या मापाने दोनशेवरून पाचशेपर्यंत. खडी क्रशरचे जबडे त्याचेच, रेल्वेच्या रुळांच्या फुल्या त्याच्याच. छडीचे समर्थन करणाऱ्याला याहून चांगला पुरावा कुठल्याही शिक्षण आयोगाने दिलेला नाही. पण उलटतपासणीत दोन गोष्टी बाहेर येतात. एक, ठोक्यांनी कठीण होतो तोही फक्त वरचा थर. आत हा धातू मऊच राहतो, म्हणजे साक्षीदार शेवटी माझ्याच बाजूने बोलतो. दोन, ठोके नसतील आणि नुसते वाळूचे घासणे असेल, तर याचा कठीणपणा जागा होत नाही आणि तो साध्या पोलादासारखा गुमान झिजतो. शिवाय त्याला जास्त तापवले तर तो ठिसूळ होतो, म्हणून इतर पोलादांना वेल्डिंगआधी तापवून घेतात तसे याला करून चालत नाही. थोडे वेल्डिंग, मग थांबा, हात टेकवता येईल इतके निवू द्या, मग पुढचे. चुंबक लावून ओळखता येतो, कारण त्याला चुंबक चिकटत नाही. ठोके खाऊन तयार झालेली माणसेही कशालाच चिकटत नाहीत असा अनुभव सार्वत्रिक असला, तरी तो पुरावा म्हणून मी मांडत नाही.

हिशेबी माणसाचा आक्षेप मी लगेच मान्य करतो. पाते स्वस्त असेल, नट काढून दहा मिनिटांत नवे बसत असेल, तर त्याच्यावर महाग रॉड जाळणे हा शुद्ध हौसेचा मामला आहे. वाचणारे पैसे पात्याच्या किमतीत थोडे आणि यंत्र बंद राहण्याच्या तासांत जास्त असतात. पेरणीच्या दिवशी किंवा ऐन गाळपात थांबलेल्या तासाचा भाव वेगळा असतो.

पण या हिशेबात एक खाते सहसा उघडले जात नाही, आणि तिथे चंदन परत येते. दोन वस्तू एकमेकींवर घासत असतील तर एक कठीण केल्याने झीज संपत नाही, ती दुसरीकडे जाते. म्हणून साखर कारखान्यात रोलरच्या शाफ्टखालचे बेअरिंग मुद्दाम मऊ गनमेटलचे करतात. शाफ्ट महाग, बदलायला अवघड. बेअरिंग त्या मानाने स्वस्त. तेव्हा झिजायचे कोणी हे आधी ठरवूनच यंत्र बांधलेले असते. बेअरिंग झिजले की ते काढून नवे घालतात, आणि त्या वेळी शाफ्ट भाषण करत नाही एवढाच यंत्रात आणि संस्थेत फरक. फाळ वाचला, रोलर वाचला, हातोडा वाचला, म्हणजे झीज गेली कुठे? थोडी तरी वेल्डरकडे गेली. कठीण थराच्या धुरात क्रोमियम असते, त्याचा काही भाग घातक जातीचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातला. मिल हाऊसमध्ये तोंडाला बांधलेल्या रुमालाला हे वर्गीकरण माहीत नसते. डोळ्यांना आर्कचा उजेड लागला की रात्रभर वाळू गेल्यासारखे खुपते आणि त्यावर बटाट्याच्या चकत्या ठेवतात. वाळू शेवटी अशी घरी पोहोचते. धूर ओढून घेणारा पंखा, नीट मास्क आणि चांगल्या काचेचे हेल्मेट ही वेल्डरची हार्डफेसिंग झाली, तीही वरवरचीच, आणि रोलर पूजनाच्या मांडवापेक्षा स्वस्त. ती न देता त्याला चंदन म्हणणे सोपे पडते, कारण चंदन हा शब्द स्टोअरमधून काढावा लागत नाही.

राहता राहिली सहाण. चंदन झिजते हे जगाने पाहिले, पण ज्या दगडावर ते झिजते त्याच्याही मध्यभागी दोन-तीन पिढ्यांत खळगा पडतो, आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. हा खळगा भरून द्या म्हणून देवघरातली सहाण अजून कोणी वेल्डिंगच्या दुकानात नेलेली नाही. नेली तरी वेल्डर ती हातात घेऊन, उलटीसुलटी करून, परत देईल. दगडाला अर्थिंग लागत नाही.